बंद कामावरचं पाणी

दाजी ठेकेदार भांड्यात उरलेलं पाणी कधी मोरीत ओतत नसत. जवळपास नवी भिंत, नवा ओटा, नवी पायरी असं काही ताजं बांधकाम असलं की ते पाणी तिथे जायचं. यवतमाळला माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी वकिली मांडली होती. तिथे ते पहिल्यांदा आले तेव्हा मी नुकताच दारापुढे ओटा बांधून घेतला होता. बायकोने आतून पाणी पाठवलं. दाजी अर्धं प्याले, भांडं घेऊन उठले, बाहेर गेले, उरलेलं पाणी ओट्यावर शिंपडलं आणि परत येऊन बसले. "गवंड्यानं फसवलं तुमाले, वकीलसाहेब," ते म्हणाले, "आज पानीच नाही मारलं त्यानं." एवढं झाल्यावर मग त्यांनी आपलं गाऱ्हाणं काढलं. असल्या माणसाचा खटला आपण चालवणार कसा, असा विचार तेव्हाच माझ्या मनात येऊन गेला. तो फारसा चुकीचा नव्हता.

दाजी हे त्यांचं नाव नव्हे. नदीकाठच्या ज्या गावाशेजारी त्यांनी पुलाचं काम घेतलं ते गाव त्यांची सासुरवाडी, त्यामुळे अख्ख्या गावाचे ते दाजी. गावाचं ऐकून मजूर दाजी म्हणू लागले, मजुरांचं ऐकून ओव्हरसिअर आणि शेवटी शेवटी मोठे साहेबसुद्धा. धोतर, वर जाड्याभरड्या कापडाचा कोट, कोटाच्या बाह्या चुन्याने कायमच्या पांढऱ्या. केळापूर तालुक्यात रस्त्याच्या मोऱ्या, शाळांच्या खोल्या, विहिरी असली बारीकसारीक कामं त्यांनी जन्मभर केली होती. पूल हे त्यांचं पहिलं मोठं काम. नदीचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. वकिलाची खोड, दुसरं काय.

काम मिळालं तेव्हा आपला मुलूख नागपूरच्या सरकारात होता. छप्पन साली राज्यं नव्याने आखली गेली आणि आपण मुंबईकडे गेलो. माणसं जागच्या जागी राहिली, फायली तेवढ्या प्रवासाला निघाल्या. दाजींचे खांब तोवर नदीच्या पात्रातून पुरुषभर वर आले होते. एक दिवस मोठे साहेब जीपने आले, वाळूत उभे राहिले आणि म्हणाले, "दाजी, पुलाची उंची मुंबईला नव्याने ठरते आहे. नवे नकाशे येईपर्यंत काम थांबवा." दाजींनी विचारलं, "कोन्त्या खांबाचं, साहेब?" साहेब म्हणाले, "अहो, उंचीच बदलली तर एका खांबाचं थांबवून कसं चालेल? सगळंच थांबवा." हे बोलणं दाजींनी मला इतक्या वेळा ऐकवलं की साहेबांच्या डोक्यावरची हॅटसुद्धा मला दिसायला लागली होती.

पुढे कचेरीतून जो हुकूम आला त्यात फक्त मधल्या खांबाचा उल्लेख होता. दाजींनी तो कोणाकडून तरी वाचून घेतला आणि कोटाच्या खिशात ठेवून दिला. साहेब तोंडाने सगळं म्हणाले होते, मग झालं तर. ज्या माणसाने आपल्या पालात बसून झुणका-भाकर खाल्ली, त्याच्याकडे पुन्हा लिहून मागायला जायचं म्हणजे त्याला खोटं पाडायचं, असं दाजींना वाटे. आमच्याकडच्या जुन्या ठेकेदारांचं हे असंच असायचं. दगड ते दहा वेळा ठोकून बघत, साहेबाचा शब्द एकदाही नाही. काही महिन्यांत त्या साहेबांची बदली झाली.

काम थांबलं. चुना दळायच्या घाणीचे बैल सुटले, परांच्या उतरल्या, गवंडी आपापल्या गावी गेले. दुसरा एखादा ठेकेदार असता तर तोही घरी जाऊन निवांत झोपला असता. दाजींनी पाणी मारणारी माणसं तेवढी ठेवून घेतली. ताजा चुना ओला राहिला तरच घट्ट होतो, हे कोणीही सांगेल. पण महिनाभर पाणी मारलं की पुरे, असं ओव्हरसिअर म्हणायचा आणि दाजी ते कानाआड करायचे. वरचा थर उघडा आहे, तो वाळून भुसभुशीत झाला तर उद्या नकाशे आल्यावर पुढचा थर त्याला धरणार कसा, हा त्यांचा सवाल. ओव्हरसिअरने फारच चेष्टा केली तेव्हा ते म्हणाले, "आजारी मानसाचं जेवन बंद करते डाक्टर. पानी बंद करते का?"

तेव्हा खांबांच्या डोक्यावर गोणपाटं अंथरलेली असत आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवली जात. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पावसाने थोडे दिवस उसंत दिली आणि पाऊस संपल्यावर पुन्हा घागरी सुरू झाल्या. चैत्रात नदी आटली की ही मंडळी वाळूत झिरे खणायची आणि वाटी वाटीने घागर भरायची. दाजी संध्याकाळी प्रत्येक गोणपाटावर तळहात ठेवून बघत. हात कोरडा निघाला तर ते रागावत नसत, स्वतःच घागर उचलत. त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटे.

पाणी मारणारी माणसं म्हणजे महागावकडून आलेलं रामधन नाईकाचं बिऱ्हाड. वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. आता ही मंडळी तांड्यालगतची थोडीशी शेती करत आणि उरलेल्या दिवसांत बांधकामावर जात. रामधन मुकादम होता खरा, पण कारभार त्याच्या आईचा. तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची चोळी, आणि डोक्यावर घागर घेऊन ती त्या वयात शिडी चढायची. एकदा तिने शिडीवरूनच दाजींना विचारलं, "बापू, सारं गाव म्हनते काम बंद हाये. मंग आमी काय करून राह्यलो?"

दाजी म्हणाले, "तुमी पूल बांधून राह्यले, याडी. गवंडी सुट्टीवर हाये, पूल नाही."

म्हातारीला हे फार आवडलं. बाजारात कोणी विचारलं की ती सांगायची, आम्ही पूल बांधतो. लोक हसायचे. पात्रात खांब उभे, वर आभाळ, आणि एक म्हातारी सांगते आहे की पूल बांधणं चालू आहे! पण दाजींनी सांगितलं होतं, म्हणजे तिच्या लेखी विषय संपला होता.

नकाशे आले नाहीत, नवे साहेब आले. ते काही वाईट माणूस नव्हते, नुसते घाईत होते. त्यांनी फाईल उघडली. हुकूम फक्त मधल्या खांबाचा, मग बाकीचे खांब का रखडले? चौकीदाराला विचारलं तर तो म्हणाला, कामावर रोज माणसं असतात. मग माणसं असून काम पुढे का सरकत नाही? नोटीस आली, तिच्यामागून ठेका रद्द झाल्याचं पत्र आलं. राहिलेलं काम दुसऱ्याला देणार, आणि दाजींचं नाव सरकारी ठेकेदारांच्या यादीतून जाणार. ती पत्रं घेऊनच दाजी माझ्याकडे आले होते.

"सरकार म्हंजे मोठ्या घरचं लगन हाये, वकीलसाहेब," ते म्हणाले. "पंगतीत बसवते, पत्रावळ मांडते, अन् वाढनाऱ्याची बदली होते." मी हसलो, ते हसले नाहीत. "पैशाचं मंग पाहू. माहे खांब मले माह्या हातानं वर न्यायचे हायेत. उशीर माहा नाही, एवढं कोनीतरी म्हना. मंग मी करतो बाकीचं." त्या माणसाचं एवढंच मागणं होतं. मी वकील झाल्यापासून इतकं साधं मागणं कोणी माझ्याकडे आणलं नव्हतं, आणि इतकं अवघडही.

करारात लिहिलं होतं की भांडण झालं तर ते लवादापुढे जाईल. लवाद कोण, तर सरकारनेच नेमलेले, दुसऱ्या भागातले एक वरिष्ठ इंजिनिअर. आम्ही जुन्या साहेबांना साक्षीसाठी पत्र घातलं. असं काही बोलल्याचं स्मरत नाही, असं उत्तर आलं. मी ते दाजींना वाचून दाखवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. ते म्हणाले, "लय कामं असते त्याले. इसरला असंन." त्यांच्या मनात त्या साहेबांविषयी काही आलं असेल तर ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता आमच्या हातात एकच गोष्ट उरली होती. साहेबांच्या सांगण्यावरून सगळं काम बंद होतं, हे दाजींनी ठामपणे सांगायचं. मी त्यांना समोर बसवून घोकून घेतलं. "ते विचारतील, रोज माणसं कशाला होती? तुम्ही सांगायचं, झालेल्या कामाची राखण करायला. पाणी मारणं म्हणजे काम नव्हे. समजलं?" दाजी म्हणाले, "हाव." मी पुन्हा विचारलं, "काय सांगाल?" ते माझ्या भिंतीकडे बघत म्हणाले, "राखन." मला बरं वाटलं. खरं तर वाटायला नको होतं.

सुनावणी पांढरकवड्याच्या डाकबंगल्यात झाली. दिवस उन्हाळ्याचे, दारं-खिडक्या सताड उघड्या. दाजींच्या पुलाचा फैसला आहे हे ऐकून रामधनचं सगळं बिऱ्हाड चालत आलं होतं आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलं होतं. याडी अगदी दाराशी होती. शिपायाने एकदा हटकलं, पण लवाद म्हणाले, बसू द्या त्यांना. पिकल्या केसांचा, हळू बोलणारा माणूस होता. स्वतः उन्हातान्हात कामं केलेला असावा, कारण दाजींच्या कोटाच्या बाह्यांकडे बघून त्याने विचारलं होतं, "चुना का?" माझी आशा तिथूनच वाढली.

नव्या साहेबांनी दाजींना विचारलं, "कामावर रोज माणसं होती?"

"हाव जी."

"सकाळ-संध्याकाळ?"

"हाव. एक दिवस खाडा नाही!" हे दाजींनी अशा अभिमानाने सांगितलं की मी डोळे मिटून घेतले.

साहेब समाधानाने खाली बसले. आता लवादांनी लेखणी ठेवली आणि ते दाजींकडे वळले. "म्हणजे ठेकेदार, माझ्या समजुतीप्रमाणे ही माणसं काही बांधत नव्हती. झालेल्या कामाची नुसती राखण करत होती. काम असं बंदच होतं. असंच ना?"

त्या माणसाने दार उघडून दिलं होतं. दाजींनी फक्त हो म्हणायचं होतं. साहेबांनीही हरकत घेतली नाही. मला वाटतं, त्यांनाही आतून तेच हवं असावं. दाजींनी दाराकडे पाहिलं. याडी गुडघे जवळ घेऊन बसली होती आणि कान देऊन ऐकत होती.

"नाही, साहेब," दाजी म्हणाले. "काम बंद नव्हतं. पानी मारनं हेच तर काम. दगडांची जुडाई काय, कोनीबी करते."

"नीट विचार करून सांगा," लवाद म्हणाले.

"इचार करूनच सांगतलं."

मी उठून माझ्या पक्षकाराचं वय, त्यांचं शिक्षण, त्यांच्या बोलण्याचा खरा आशय असं बरंच काही सांगितलं. लवादांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण दाजींचं वाक्य त्यांनी त्याआधीच लिहून घेतलं होतं, आणि माझ्या बोलण्यातलं काहीच लिहिलं नाही.

बाहेर कंपाउंडाशी येताच माझा तोल गेला. "एक शब्द होता, दाजी! हो म्हणायचं होतं फक्त! काहून असं केलं तुम्ही?"

"याडी बसली होती ना तथी," ते म्हणाले.

"बसली होती, मग?"

"इतके दिवस तिले सांगतलं, तू पूल बांधून राह्यली. आज तिच्या तोंडावर सांगू का, का तू नुसती राखन करत बसली होती?"

"तिला कायद्यातलं काय कळतं, दाजी?"

"म्हनूनच," दाजी म्हणाले, आणि रामधनच्या मंडळींना चहा पाजायला घेऊन गेले. मी तिथेच उभा राहिलो. मला त्यांचा भयंकर राग आला होता. इतकी वर्षं झाली, तो राग अजून पुरता गेलेला नाही. आणि मी आयुष्यात ज्या थोड्या माणसांपुढे मनातल्या मनात वाकलो असेन, त्यांत दाजी आहेत, हेही तितकंच खरं.

निवाडा पावसाळा सुरू झाल्यावर आला. ठेकेदाराच्या स्वतःच्या कबुलीनुसार काम बंद नव्हतं, सबब विलंबाची जबाबदारी त्याचीच, ठेका रद्द करणं योग्य. मी वाचून दाखवलं. दाजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "खांबांचं काई लिहिलं का त्यात? चांगले हायेत का वाईट?" मी म्हटलं, त्याबद्दल काही नाही. "बरं," ते म्हणाले. पुढे कोर्टात जाता येईल का, हेही त्यांनी विचारलं. खोटी आशा दाखवून फी घेणारे वकील त्या काळीही होते, पण दाजींशी तसं वागणं मला जमलं नाही. मी सांगितलं, त्यात काही राम नाही. त्यांनी मान हलवली.

राहिलेलं काम दुसऱ्या ठेकेदाराला मिळालं. त्याने दाजींच्या खांबांचा एक दगडही न काढता त्यांच्यावरच पुढे बांधायचं ठरवलं, आणि मजुरांसाठी रामधनला बोलावणं धाडलं. रामधन आणि याडी दाजींच्या अंगणात आले त्या दिवशी मी तिथेच होतो.

"दाजी, नवा ठेकेदार बोलवून राह्यला," रामधन खाली बघत म्हणाला. "काय करू?"

"जाय ना. मले कायले विचारतं?"

"तुमचं काम हाये ते."

"माहं होतं. तू जाय. पोट्ट्यांले खाऊ काय घालशीन?"

मग दाजींनी याडीला विचारलं, "तुले पान्यावर ठेवते का तो?"

"नाही, बापू," म्हातारी म्हणाली. "टोपले उचलाले ठेवते. पानी आठ दिवस मारा म्हने, मंग बंद."

दाजी उठले आणि आत गेले. मला वाटलं, पान-सुपारी आणायला गेले असतील. बराच वेळ झाला तरी बाहेर आले नाहीत. याडीने दोनदा दाराकडे पाहिलं, मग उठून लुगड्याची धूळ झटकली, आणि मायलेक निघून गेले. मी आत डोकावलो तर दाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी तसाच मागे फिरलो.

त्यानंतर त्यांना सरकारी काम मिळालं नाही, आणि यादीतून नाव गेलेल्या माणसाला गावातलेही काम देईनासे झाले. बाजारात सिमेंट आलं होतं, चुना कोणाला नकोच होता. घाणीचे बैल विकले गेले. नदीकडे दाजी पुन्हा फिरकले नाहीत. कोणी पुलाचा विषय काढला तर उठून जात. पूल वाहतुकीला खुला झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले. साधा ताप आला होता, चार दिवसांत आटोपलं. मला निरोप उशिरा मिळाला. मी पोचलो तेव्हा अंगणात रामधन एकटा बसला होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

पुढच्या वर्षांत सरकारी कामं वाढली तशी असली भांडणंही वाढली, आणि त्यांतला जाणकार वकील म्हणून माझं नाव झालं. नवा ठेकेदार दारात आला की मी त्याला बसायलाही सांगायच्या आधी विचारतो, साहेबांनी काम थांबवायला सांगितलं का? सांगितलं असेल तर आज दिवस मावळायच्या आत साइट मोकळी करा. माणूस, बाई, घागर, काही दिसता कामा नये. एखादा चाचरत म्हणतो, "वकीलसाहेब, जुडाई ताजी हाये. पान्याचं काय?" मी सांगतो, एक थेंबसुद्धा नाही. माझ्या वकिलीतला हा सगळ्यात उपयोगी सल्ला, आणि तो मी दाजींकडून शिकलो.

गेल्या उन्हाळ्यात एका कामासाठी राजूरकडे गेलो होतो. वाटेत एसटीच्या खिडकीतून माझ्याच एका पक्षकाराचं थांबलेलं काम दिसलं. नाल्यात दोन खांब भर उन्हात उघडे उभे होते. वरचा थर पांढराफटक पडला होता आणि त्याला भेगा गेल्या होत्या. आसपास चिटपाखरू नव्हतं. मी सांगितलं होतं ते त्याने तंतोतंत पाळलं होतं.

तो खटला आम्ही जिंकलो.